वाफ्यातली सात पावलं

१

पौषातल्या सकाळी उरणकडच्या मिठागरांवर धुकं असं उतरतं की आभाळ कुठं संपलं आणि जमीन कुठं सुरू झाली, ते कळत नाही. त्या धुक्यातून तुळशी डोक्यावर रिकामी टोपली उपडी घालून बांधाबांधानं चालत आली. खोपीचं दार उघडं होतं. मालक लवकर आलेले दिसतात, असं म्हणत तिनं उंबऱ्यावरून हाक दिली. मग आत पाहिलं, आणि टोपली डोक्यावरून निसटून बांधाखाली गडगडत गेली.

मिठागराचे मालक दादा वर्तक जमिनीवर पालथे पडले होते. डोक्यामागची जखम वाळून काळी पडली होती. शेजारी मीठ ओढायचं लाकडी फावडं. खुर्ची जागच्या जागी, दादांचा चष्मा मेजावर नीट घडी करून ठेवलेला.

पोलीस आले तेव्हा उन्हं वर आली होती. मिठागराचा मुकादम दत्तात्रेय कडू त्यांना खोपीच्या बाजूच्या वाफ्याकडे घेऊन गेला. त्या वाफ्याचा तळ नुकताच पायांनी तुडवून बांधलेला होता, अजून खारं पाणी सोडलं नव्हतं. ओल्या गुळगुळीत मातीत बुटांची सात पावलं उमटली होती. खोपीकडून रस्त्याकडे जाणारी.

तिसऱ्या दिवशी बूट सापडले, अजित ओव्हाळच्या घरामागच्या करंजाच्या झुडपात. उजव्या तळव्याला तिरकी चीर होती आणि ती चीर मातीत जशीच्या तशी उमटली होती. अजित मिठागरावर पाण्याचा पंप चालवायचा. वय चोवीस, डोकं तापट. चारच दिवसांपूर्वी त्याचं आणि दादांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, दादांनी त्याला कामावरून काढलं होतं आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

अजित पोलिसांना एवढंच म्हणाला, "बूट माझेच हायत. पण भांडण झालं त्या दिवशी ते खोपीबाहेरच राहिले. रागात तसाच अनवाणी घरी गेलो."

मुकादमानं मान हलवली. "बूट पायात होते त्याच्या. मी बघितलं."

२

अजितला पकडलं त्याला चौदा महिने झाले, तेव्हा प्रज्ञाबाई गमरे पहिल्यांदा करंज्याच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत उभ्या राहिल्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. पस्तीस वर्षं मुलांना भूगोल आणि गणित शिकवलं, त्यांत अजितही होता. पाढे चुकवणारा, पण चुकलं की कबूल करणारा. त्याची आई भिमाबाई आदल्या दिवशी घरी आली, पायरीवर बसून राहिली आणि म्हणाली, "बाई, कोर्टात काय बोलतात ते मला उमगत न्हाय. तुम्ही निस्तं ऐकायला चला."

म्हणून त्या निघाल्या. करंज्याहून रेवस, तिथून मिनिडोर रिक्षानं अलिबागचं कोर्ट. लाँच सुटली की काठ मागं विरघळत जायचा, पुढचा काठ अजून उगवलेला नसायचा. मधला पाव तास कुठल्याच गावाचा नव्हता. पाणी दुधाळ, वारा कोमट, इंजिनाची एकसुरी घरघर. डोळे मिटले की प्रज्ञाबाईंना आपण झोपेतच प्रवास करतोय असं वाटायचं.

पण लाँचवरची माणसं जागी असायची. खटला साऱ्या तालुक्यात गाजत होता. सरकारी वकिलांचा सारा भर बुटांवर होता, त्यामुळे लाँचवर दुसरा विषयच नव्हता.

"पावलं त्याच बुटाची. तिथंच खटला संपला," मासळीची पाटी घेतलेली एक बाई म्हणाली.

"बूट कुणीपण घालील की," समोरच्या बाकावरचे पेन्शनर म्हणाले.

"कुणीपण कसा घालंल? नऊ नंबर हाय. वर्तकांचा पुतण्या बघितलात ना, सलिल? सहा नंबर असंल फार तर. आन् जागा विकायची घाई त्यालाच होती म्हणतात."

"मग दोन मोजे घालून घातले असतील त्यानं."

हे सगळं भिमाबाईच्या देखत चालायचं. तिला ओळखणारे तेवढे गप्प बसायचे. ती डबा मांडीवर घेऊन पाण्याकडे बघत राहायची.

आणि लाँचच्या अगदी टोकाला, पाठ वळवून, दत्तात्रेय कडू बसलेला असायचा. सरकारी साक्षीदार, साक्ष देऊन झाली तरी प्रत्येक तारखेला येणारा. साठीचा, वाळून लाकूड झालेला माणूस. पायाच्या टाचा खाऱ्या मातीनं भेगाळलेल्या, इतक्या की दुरूनही दिसाव्यात. आरोपीची आई आणि आरोपीविरुद्धचा साक्षीदार एकाच लाँचनं जात, एकाच लाँचनं परत येत. दुसरी लाँचच नव्हती.

३

अशाच एका तारखेला अजितची वकील भक्ती घरत हिनं एक धाडस केलं. सरकारनं नेमून दिलेली, तिशीची मुलगी, हातात तिसरा का चौथा खटला. तिनं न्यायाधीशांकडे विनंती केली की बूट आरोपीच्या पायात घालून पाहावेत. चिखलात भिजून वाळलेला बूट आकसलेला असणार आणि अजितचा पाय रुंद, असा तिचा हिशेब होता.

अजित आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आला. तुरुंगात त्याची मान बारीक झाली होती. कारकुनानं पिशवीतून बूट काढून समोर ठेवले. कोर्टातला पंखा करकरत होता. अजित वाकला. पाय आत सरकवला.

बूट त्याला बरोबर बसला.

गर्दीतून एक लांब उसासा निघाला. भक्ती टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिली. अजितनं मागं वळून पाहिलं, आईकडे नाही, प्रज्ञाबाईंकडे. शाळेत फळ्यापाशी अडकला की बघायचा तसा.

दुपारी कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर भक्ती म्हणाली, "बाई, मीच बुडवलं त्याला."

"बूट त्याचा आहे हे तो पहिल्या दिवसापासून सांगतोय," प्रज्ञाबाई म्हणाल्या. "मग तो त्याला बसणारच. तू चुकीचं गणित सोडवत होतीस, बाळ. बूट कुणाचा, हा प्रश्नच नाही."

"मग प्रश्न काय?"

प्रज्ञाबाईंनाही तो अजून नीट मांडता येत नव्हता. "पावलांचे फोटो आहेत तुझ्याकडे?"

४

फोटोंच्या प्रती घेऊन प्रज्ञाबाई दोन दुपारी घराच्या ओट्यावर बसल्या. एकूण सात फोटो, प्रत्येकात पावलाशेजारी मोजपट्टी. शिवाय पंचनाम्यातलं अंतर. भर दुपारी पानसुद्धा हलत नव्हतं. मधूनच डोळा लागायचा आणि मिटल्या डोळ्यांपुढं वाफे यायचे. पांढरे, चमकणारे, एकामागून एक. त्यांची आई हंगामात त्याच मिठागरावर टोपल्या वाहायची. पाचसहा वर्षांच्या प्रज्ञाला बांधावर बसवून ठेवायची. एकदा ती चपला घालून वाफ्यात उतरली, तर कुणीतरी दंडाला धरून तिला उचललं होतं आणि वर बांधावर ठेवलं होतं. मारलं नव्हतं, ओरडलंही नव्हतं. नुसतं बोटानं तळ दाखवला होता, जिथं तिच्या चपलेची खूण उमटली होती, आणि ती खूण अनवाणी पायानं हळूहळू पुसून टाकली होती.

डोळे उघडले तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं. त्यांनी पंचनाम्यातले आकडे वहीत उतरवले, मग शाळेतल्यासारखी आकृती काढली. बांधाची रेघ, खाली वाफा, वाफ्यात सात ठिपके.

संध्याकाळी भक्ती आली. प्रज्ञाबाईंनी वही पुढं केली.

"ही पावलं बांधापासून किती लांब आहेत बघ. एक हात. पाऊण हात. एक हात. सात पावलांतलं एकही दीड हाताच्या पलीकडे नाही. आणि बांध कोरडा ठणठणीत होता. कोरडी वाट हाताशी असताना माणूस तिला लागूनच चिखलातून का चालेल?"

"सरकारी वकील म्हणतात, बांधावर कुणी बघेल म्हणून खाली उतरला."

"बांध गुडघ्याएवढा उंच. त्याच्या आड मांजर लपेल. बरं, ते सोड. तुझ्या चपला काढ."

भक्तीनं काढल्या. प्रज्ञाबाईंनी त्या उलट्या करून तिच्यासमोर धरल्या. "उजवीची उजवी कड झिजलीय, डावीची डावी. बहुतेक माणसं अशीच बाहेरच्या कडेवर भार देतात. काही आतल्या कडेवर देतात. पण काहीही असलं तरी डावा आणि उजवा पाय आरशातल्यासारखे उलटे असतात. आता फोटो बघ. हे डावं पाऊल. कुठली कड खोल गेलीय?"

"डावी."

"हे उजवं."

भक्तीनं फोटो जवळ धरला. मग दुसरा, तिसरा. "हीसुद्धा डावीच. बाई, सगळ्यांचीच डावी कड खोल आहे."

"डावीकडे काय आहे?"

"बांध."

"आणि टाच कुठंच जास्त रुतलेली नाही. चालणाऱ्याची टाच आधी रुतते." प्रज्ञाबाईंनी चष्मा काढून पुसला. "कुणीतरी बांधावर गुडघे टेकून बसलं, हातात बूट घेतले आणि हात पोचेल तेवढ्यावर मातीत दाबले. भक्ती, त्या बुटांत पाय नव्हतेच."

५

पण कुणाचे हात, हे फोटोत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघी मिठागरावर गेल्या. चैत्र जवळ आला होता. वाफ्यांत पाणी आटत होतं, कडांवर मीठ साखरेसारखं फुलत होतं. पांढऱ्या उजेडात दूरची माणसं पाण्यावर तरंगल्यासारखी दिसत. त्या दिवशी मुकादम कामावर नव्हता.

तुळशी मिठाच्या राशीशेजारी उभी होती. ती बोलायला तयार होती. इतके दिवस तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"चपला, बूट सगळ्यांचे खोपीबाहेरच असतात, बाई. मुकादम वाफ्यात चप्पल घालू देत न्हाय. मीठ काळं येतं म्हणतो. अजितचे बूट तिथं होते का, ते मला ठाव न्हाय. मी खोटं कशाला बोलू?"

"पोलीस आले त्या दिवशी काय काय झालं?"

तुळशीनं आठवून सांगितलं. "पोलीस वाफ्यात उतरले बूट घालून. चारपाच जण. समदा तळ उकरून ठेवला. दत्तूभाऊ बांधावर बसून रडला. आम्हाला वाटलं, मालकासाठी रडतोय. पण मालकाला उचलून नेलं तवा न्हाय रडला तो. तवा निस्ता उभा होता. पोलीस गेल्यावर सांजपर्यंत एकटा तो वाफा तुडवत होता, पहिल्यासारखा होईस्तोवर."

एवढ्यात मोटार थांबली. दादांचा पुतण्या सलिल वर्तक फोनवर बोलत उतरला आणि बोलता बोलताच बांध सोडून, जवळच्या रिकाम्या केलेल्या वाफ्यातून सरळ त्यांच्याकडे चालत आला. पायात काळे बूट. मागं एक लांबलचक माग उमटत गेला.

"शेठ, बूट," तुळशी हळूच म्हणाली.

"असू दे गं. पुढच्या वर्षी इथं कंटेनर उभे राहणार आहेत." मग भक्तीकडे बघून तो म्हणाला, "वकीलबाई, लोक काय बोलतात ते मला माहीत आहे. मी काकांना मारलं, कारण काका जागा विकायला तयार नव्हते. पण काकांनीच विकायचं ठरवलं होतं. काका गेल्यानं व्यवहार रखडला, पण सही झाली होती."

"कधी?"

"त्याच दिवशी दुपारी. संध्याकाळी ते इथं आले ते मुकादमाला सांगायलाच. म्हणाले, तीस वर्षं राबलाय, त्याला दुसऱ्याकडून कळायला नको."

"हे तुम्ही पोलिसांना नाही सांगितलं?"

सलिलनं खांदे उडवले. "काका इथं का आले, हे कुणी विचारलंच नाही. गुन्हेगार तर सापडला होता."

परतताना भक्ती म्हणाली, "दत्तात्रेय कडूची साक्ष माझी पाठ आहे, बाई. त्या संध्याकाळी दादांची माझी गाठ पडली नाही, असं तो शपथेवर म्हणालाय. पावलं त्यानंच दाखवली. अजितच्या पायात बूट होते असं सांगणाराही तोच एकटा. पण हे सगळं म्हणजे पुरावा नव्हे."

"सलिल आत्ता कसा चालत आला, पाहिलंस ना?" प्रज्ञाबाई म्हणाल्या. "खोटी पावलं उठवायची तर बूट घालायचे आणि चालत जायचं. सलिल तेच करेल. मी, तू, कुणीही तेच करेल. मोठा झाला बूट, तर चिंध्या भरू. पण बांधावर गुडघे टेकून, हात दुखेपर्यंत वाकून कोण दाबत बसेल? ज्याला बूट घालून त्या तळावर उतरवतच नाही, तो."

६

दत्तात्रेयाला पुन्हा साक्षीला बोलवण्याची परवानगी कोर्टानं दिली. त्या तारखेला लाँच धुक्यातच सुटली. करंजा मागं पुसला गेला. भिमाबाई मधल्या बाकावर होती. प्रज्ञाबाई उठल्या आणि तोल सांभाळत टोकापर्यंत गेल्या.

"दत्तूभाऊ, बसू का?"

तो सरकला.

त्या त्याच्या शेजारी बसल्या. मग प्रज्ञाबाई म्हणाल्या, "मी लहान असताना तुमच्या वाफ्यात चपला घालून उतरले होते. कुणीतरी उचलून बांधावर ठेवलं होतं मला."

"माझा बापूस असंल," तो म्हणाला. "तवा तो मुकादम होता."

"तुम्हाला त्यांनीच शिकवलं?"

"तळ बांधायला महिना लागतो, बाई. रोज अनवाणी तुडवायचा. घाई केली तर फुटतो. बापूस म्हणायचा, माती पायाला कळली पायजे."

"म्हणून तुम्ही बूट घालून उतरला नाहीत."

दत्तात्रेयानं मान वळवली नाही. त्याचे हात मांडीवर होते, ते एकमेकांत घट्ट अडकले.

"सातही पावलं बांधापासून हाताच्या अंतरावर आहेत," प्रज्ञाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "सगळ्यांची बांधाकडची कड खोल आहे. भक्ती आज हे कोर्टात दाखवणार आहे. आणि दादा त्या संध्याकाळी कशाला आले होते, ते सलिल सांगणार आहे. मी तुम्हाला आधी सांगतेय, कारण तुम्ही आपण होऊन बोललात तर बरं."

समोर रेवसचा धक्का पुसटसा दिसू लागला.

"मालक हसत सांगत होते," दत्तात्रेय म्हणाला. "चष्मा काढून ठेवला, म्हणाले, दत्तू, आता आराम कर. पुढच्या महिन्यात मुरूम टाकायला येतील. मी म्हटलं, तळ कालच झालाय. निदान यंदाचं मीठ निघू द्या. ते म्हणाले, अरे, माती तर हाय." तो थांबला. "फावडं हातात होतं. मला वाटतं, मी येकदाच मारलं. आठवत न्हाय."

"आणि अजित?"

"त्याचे बूट दाराशी पडलेले. डोकं चालेना. वाटलं, पावलं दिसली तर माझ्याकडं कोण बघनार न्हाय. बूट पायात घातले. बांधावरनं पाय उचलला. न्हाय टाकवला, बाई. लई प्रयत्न केला. मग काढून हातानंच दाबले, आन् रातीच त्याच्या घरामागं टाकून आलो."

"मातीवर पाय टाकवला नाही तुम्हाला," प्रज्ञाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता शाळेतल्यासारखा कडक झाला होता. "आणि चौदा महिने त्या पोराला तुरुंगात बघवलं? त्याची आई तुमच्या मागच्या बाकावर बसते. प्रत्येक तारखेला."

"वाटायचं, सुटंल. नुसत्या पावलांवर कोन फाशी देतो, असं वाटायचं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मग बूट बसला त्याला. त्या दिवशी परत जाताना लाँचमधनं उडी टाकणार होतो. भिमाबाई डबा उघडून बसली होती. तिनं मला भाकरी दिली. तिला म्हाईत न्हवतं ना."

लाँच धक्क्याला टेकली. माणसं उठली. दत्तात्रेय बसूनच होता. सगळे उतरले, भिमाबाईही उतरली. प्रज्ञाबाई फळीवर उभ्या राहून वाट बघत होत्या. तो येईल का मागच्या मागं करंज्याला परत जाईल, त्यांना काहीच सांगता येत नव्हतं.

मग तो उठला.

७

कोर्टात भक्तीला फोटो बाहेर काढावेच लागले नाहीत. दत्तात्रेय साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढला आणि प्रश्न विचारायच्या आत बोलू लागला. न्यायाधीशांनी त्याला दोनदा थांबवलं, वकील घेण्याचा त्याचा हक्क समजावून सांगितला. त्यानं हात जोडले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सरकारी वकील खाली बसले. सात फोटो मग नंतर पाहिले गेले, आणि तो सांगत होता त्याच्याशी ते तंतोतंत जुळले.

अजित काही आठवड्यांनी सुटला. घरी आला, तीन दिवस झोपून काढले. चौथ्या दिवशी प्रज्ञाबाईंकडे येऊन ओट्यावर बसला. त्यांनी चहा केला, त्यानं कपबशी विसळून ठेवली आणि जाताना म्हणाला, "बाई, आतमध्ये मी पाढे म्हणायचो. एकोणीसचा अजून चुकतो." मग नागावला एका खानावळीत त्यानं काम धरलं. मिठागराकडे तो पुन्हा फिरकला नाही.

दत्तात्रेयाचा खटला पावसाळ्यानंतर उभा राहिला. पहिल्या तारखेला प्रज्ञाबाईही निघाल्या. का ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं, पण सुरू केलेलं अर्धवट टाकायची त्यांना सवय नव्हती. करंज्याच्या धक्क्यावर भिमाबाई उभी होती. हातात पिशवी, त्यात दोन डबे.

"भिमाबाई, आता तुमचं काय काम कोर्टात? अजित तर सुटला."

भिमाबाईनं धक्क्याच्या पायऱ्यांकडे हनुवटीनं खूण केली. तिथं दत्तात्रेयाची बायको केसर बसली होती, पदर डोळ्यांपर्यंत ओढून, सगळ्यांपासून लांब. लाँचची माणसं तिच्याकडे बघत होती आणि आपसांत बोलत होती.

"येकटी हाय ती," भिमाबाई म्हणाली. "तिला रेवसहून पुढचा रस्ता म्हाईत न्हाय."

लाँच लागली. भिमाबाई पायऱ्यांपाशी गेली, केसरच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि आधी तिला फळीवर चढवलं.